हरळीचें मूळ आणि औषधाची वेळ

दख्खनच्या काळ्या जमिनींत हरळी आणि कुंदा यांनीं शेतकऱ्यास किती नाडलें, हें जुन्या माणसांस सांगावयास नको. हीं तणें बहुवर्षायु. त्यांचा जीव जमिनीखालीं असतो. लांकडी नांगर वरवर चाले, हरळीचे तुकडे करी, आणि ज्या तुकड्यावर एक डोळा शिल्लक राही त्यांतून ती पुन्हां उभी राही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला, १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. त्या नांगरानें खोल मुळें उन्हांत पालथीं पडूं लागलीं. परंतु त्यास बैलांच्या अधिक जोड्या लागत, व तेवढें बळ गरिबाच्या दारीं नसे.

पश्चिमेकडे याच सुमारास रसायनांची कास धरण्यांत आली. सोडियम क्लोरेट तण जाळी, पण जमीनही कांहीं काळ नापीक करी, आणि औषध लागलेल्या वाळक्या पाल्यावर ठिणगी पडतांच भडका उडे. पुढें महायुद्धाच्या काळांत टू-फोर-डी हें द्रव्य सांपडलें. १९४४ सालीं अमेरिकेंत हॅम्नर व टुकी यांनीं तें चांदवेलीसारख्या चिवट वेलीवर यशस्वी करून दाखविलें. हें औषध पानांतून शिरून मुळांपर्यंत पोहोंचे. मात्र तृणजातीस तें बहुधा बाधत नाहीं. म्हणून ज्वारींत तें उपयोगी पडलें आणि हरळीपुढें निरुपयोगी ठरलें. १९७० सालीं जॉन फ्रान्झ यांनीं ग्लायफोसेटचा तणनाशक गुण ओळखला. १९७४ सालीं तें बाजारांत आलें. तें हरळी मारतें, परंतु उभें पीकही मारतें. म्हणून त्याची जागा पडीक रानांत.

या इतिहासाचें सार एवढेंच कीं, औषधास मुळाकडे नेणारा वाहक तणच होय. पानांत तयार झालेलें अन्न जेव्हां खालीं साठूं लागतें, तेव्हांच औषधही त्याबरोबर उतरतें. यास्तव तण हिरवेंगार, वाढींत, फुलोऱ्याच्या सुमारास असतांना, ओल असतां फवारावें. आधीं कापूं नये. उन्हानें सुकलेल्या तणावर औषध व्यर्थ जातें. गढूळ पाणी घेऊं नये, कारण मातीचे कण ग्लायफोसेट धरून ठेवतात. फवारल्यावर निदान आठवडाभर नांगर घालूं नये.

२०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ग्लायफोसेट मानवांत बहुधा कर्करोगकारक असल्याचें ठरविलें. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यास तें मान्य झालें नाहीं. पंडितांचा वाद चालू राहो. फवारणाऱ्यानें तोंड व हात झांकावेत, आणि सरकारी निर्बंध वाचल्यावांचून डबा उघडूं नये. हरळी एका हंगामांत हटत नाहीं. घाईनें दुप्पट औषध ओतणारा मात्र स्वतःचेंच नुकसान करून घेतो.