दोन अज्ञात संख्या, दोन अटी : एकाची किंमत दुसऱ्यात ठेवून समीकरणं कशी सोडवतात?

टपरीवर तिघांनी मिळून ३ वडापाव आणि २ चहा घेतले. बिल झालं ८० रुपये. शेजारच्या टेबलावर चौघांनी १ वडापाव वाटून खाल्ला आणि ४ चहा प्यायले. त्यांचं बिल ६० रुपये. दरफलक कुठेच लावलेला नाही. मग वडापाव केवढ्याला आणि चहा केवढ्याला?

व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी कोडी रोज फिरतात आणि बहुतेक जण उत्तर अंदाजाने काढतात. आकडे लहान असले की अंदाज लागतोही. पण हाच प्रश्न पगाराचा किंवा भाड्याचा असेल, तर अंदाज महागात पडू शकतो. त्यासाठी नववी-दहावीच्या बीजगणितातली एक साधी पद्धत पुरते : एका चलाची किंमत दुसऱ्या चलाच्या रूपात काढायची आणि ती दुसऱ्या समीकरणात ठेवायची.

एकच बिल का पुरत नाही?

वडापावची किंमत क्ष रुपये आणि चहाची किंमत य रुपये मानू. पहिल्या बिलाचं समीकरण होतं :

३क्ष + २य = ८०

हे एकच समीकरण हातात असेल तर उत्तरं अनेक निघतात. वडापाव १६ आणि चहा १६ रुपये धरला तरी बेरीज ८० होते. वडापाव २४ आणि चहा ४ धरला तरीही ८०च. यातली खरी जोडी कोणती, हे ठरवायला दुसरी अट लागते. ती दुसऱ्या बिलात आहे :

क्ष + ४य = ६०

दोन्ही समीकरणं एकाच वेळी खरी ठरवणारी जोडी शोधायची असते, म्हणून पाठ्यपुस्तकात त्यांना एकसामयिक समीकरणं म्हणतात. दोन्हींत क्ष आणि य यांचा वर्ग किंवा गुणाकार नाही. आलेख काढला तर प्रत्येकाची एक सरळ रेषा येते, म्हणून ती रेषीय.

पद्धत नेमकी काय?

खरी अडचण ही की अज्ञात संख्या दोन आहेत. एकच असती तर समीकरण चुटकीसरशी सुटलं असतं. म्हणून आधी दोनाची एक करायची.

दुसऱ्या समीकरणात क्ष एकटाच आहे, त्याला कुठल्याही संख्येने गुणलेलं नाही. त्याला बाजूला काढणं सोपं :

क्ष = ६० − ४य

चहाची किंमत अजून माहीत नाही, पण वडापावची किंमत आता चहाच्या भाषेत सांगता येते. पहिल्या समीकरणात जिथे क्ष आहे तिथे (६० − ४य) लिहायचं :

३(६० − ४य) + २य = ८०
१८० − १२य + २य = ८०
१८० − १०य = ८०
१०य = १००
य = १०

चहा १० रुपयांना. आता मागे जायचं : क्ष = ६० − ४ × १० = २०. वडापाव २० रुपयांना.

ताळा : ३ × २० + २ × १० = ८०. बरोबर. २० + ४ × १० = ६०. हेही बरोबर.

थोडक्यात पायऱ्या अशा :

१. ज्या चलाचा सहगुणक १ किंवा −१ आहे, ते चल निवडा. म्हणजे अपूर्णांक टळतात.
२. त्याची किंमत दुसऱ्या चलाच्या रूपात लिहा.
३. ती किंमत उरलेल्या समीकरणात कंसासकट ठेवा.
४. एका चलाचं समीकरण सोडवा.
५. मिळालेली संख्या वापरून दुसरं चल काढा.
६. दोन्ही मूळ समीकरणांत ताळा करून पाहा.

भास्कराचार्यांचे दोन मित्र

हा विचार आजचा नाही. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा त्यांचा ग्रंथ ११५० सालचा आणि ‘बीजगणित’ हा त्याचाच एक भाग. अज्ञात संख्येला त्यात ‘यावत्-तावत्’ म्हटलं आहे. अज्ञात संख्या जास्त असतील तर पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं दिली आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा उल्लेख आहे. आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्याने मठ स्थापन केल्याचं त्यातून कळतं.

‘बीजगणिता’त दोन मित्रांचं एक उदाहरण आहे. पहिला म्हणतो, तू मला १०० दिलेस तर माझ्याकडे तुझ्या दुप्पट धन होईल. दुसरा म्हणतो, तूच मला १० दे, मग माझ्याकडे तुझ्या सहापट होईल. तर प्रत्येकाकडे किती?

पहिल्याचं धन क्ष आणि दुसऱ्याचं य मानलं तर :

क्ष + १०० = २(य − १००)
य + १० = ६(क्ष − १०)

पहिल्या समीकरणातून क्ष = २य − ३००. ही किंमत दुसऱ्यात ठेवली की :

य + १० = ६(२य − ३१०)
य + १० = १२य − १८६०
११य = १८७०
य = १७०

म्हणून क्ष = ३४० − ३०० = ४०. पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे १७०. ताळा : १०० मिळाले की पहिल्याकडे १४० आणि दुसऱ्याकडे ७०, म्हणजे दुप्पट. उलट १० दिले की ३० आणि १८०, म्हणजे सहापट.

भास्कराचार्यांनी तर सुरुवातीलाच एक युक्ती केली. दोघांचं धन वेगवेगळ्या अक्षरांनी न दाखवता त्यांनी एकाच अज्ञात संख्येत मांडलं : पहिल्याचं २क्ष − १०० आणि दुसऱ्याचं क्ष + १००. अशा मांडणीत पहिली अट आपोआप पूर्ण होते, फक्त दुसरी उरते. मग क्ष = ७० येतो आणि धन तेच, ४० आणि १७०. दोन अज्ञातांचं एक करणं, हेच इथेही घडलं.

चूक कुठे होते?

कंस विसरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. ३(६० − ४य) याचा विस्तार १८० − १२य होतो. घाईत १८० − ४य लिहिलं की उत्तर बिघडतं. कंसाबाहेर वजाचं चिन्ह असेल तर आतली दोन्ही चिन्हं बदलतात, तेही निसटतं.

दुसरी चूक जास्त चकवणारी. ज्या समीकरणातून क्ष काढला, त्यातच ती किंमत परत ठेवली तर (६० − ४य) + ४य = ६०, म्हणजे ६० = ६० एवढंच मिळतं. गणित चुकलेलं नसतं, पण नवीन माहितीही मिळत नाही. किंमत नेहमी दुसऱ्या समीकरणात ठेवायची.

तिसरी चूक अर्ध्यावर थांबण्याची. य मिळाला की काम संपलं असं वाटतं, पण उत्तर म्हणजे क्ष आणि य यांची जोडी.

दोन नोकऱ्या, एक निर्णय

समजा, पार्सल पोचवण्याच्या दोन नोकऱ्या समोर आहेत. पहिलीत महिन्याला ९,००० रुपये ठरलेले आणि प्रत्येक ऑर्डरमागे २० रुपये. दुसरीत ठरलेलं काहीच नाही, पण ऑर्डरमागे ३५ रुपये. कोणती घ्यावी?

महिन्याच्या ऑर्डर क्ष आणि कमाई य मानू.

पहिली नोकरी : य = ९००० + २०क्ष
दुसरी नोकरी : य = ३५क्ष

इथे य आधीच एकटा आहे. दुसऱ्या समीकरणातली किंमत पहिल्यात ठेवली की :

३५क्ष = ९००० + २०क्ष
१५क्ष = ९०००
क्ष = ६००

६०० ऑर्डर झाल्या की दोन्हीकडे कमाई २१,००० रुपये. महिन्यात २५ दिवस काम धरलं तर रोजच्या २४ ऑर्डर. रोज १८ होत असतील, म्हणजे महिन्याला ४५०, तर पहिलीत १८,००० आणि दुसरीत १५,७५० रुपये मिळतील. रोज ३० झाल्या, म्हणजे महिन्याला ७५०, तर पहिलीत २४,००० आणि दुसरीत २६,२५०. जाहिरातीतला ३५ चा आकडा मोठा दिसतो, पण खरा प्रश्न रोज २४ च्या वर ऑर्डर मिळतील का, हा आहे.

पेट्रोलचं काय? दोन्हीकडे ऑर्डरमागे सारखाच खर्च येत असेल आणि तो स्वतःच करायचा असेल, तर दोन्ही बाजूंनी सारखीच रक्कम वजा होते. हातात पैसे कमी उरतात, पण ६०० चा आकडा हलत नाही. मात्र पहिल्या कंपनीने पेट्रोलचे म्हणून ऑर्डरमागे ५ रुपये वेगळे दिले, तर समीकरण ३५क्ष = ९००० + २५क्ष असं होतं आणि क्ष = ९०० येतो. रोजच्या २४ ऑर्डर ३६ वर जातात.

उत्तरच नसेल तर?

पहिली नोकरी तीच, पण दुसरीत ५,००० रुपये ठरलेले आणि ऑर्डरमागे २० च रुपये असतील तर ५००० + २०क्ष = ९००० + २०क्ष असं समीकरण येतं. दोन्हीकडचे क्ष निघून जातात आणि ५००० = ९००० उरतं, जे कधीच खरं नसतं. म्हणजे कमाई कधीच सारखी होणार नाही. आलेखावर या दोन समांतर रेषा आहेत. पण ‘उत्तर नाही’ हीसुद्धा कामाची माहिती आहे : कितीही ऑर्डर केल्या तरी पहिली नोकरी ४,००० रुपयांनी पुढेच राहील.

शेवटी ६० = ६० सारखं नेहमीच खरं विधान उरलं, आणि किंमत योग्य समीकरणात ठेवलेली असली, तर दोन्ही समीकरणं मुळात एकच असतात आणि उत्तरं अगणित. १ वडापाव, ४ चहा, ६० रुपये आणि २ वडापाव, ८ चहा, १२० रुपये या दोन बिलांतून दर कधीच कळणार नाहीत. दुसरं बिल पहिल्याचीच दुप्पट आहे. अशा वेळी आकडेमोड पुन्हा तपासून उपयोग नाही. वेगळी माहिती देणारं तिसरं बिल शोधावं लागतं.