न दिसणारा तडा : सैनिकाचे पाऊल, रेल्वेचा आस आणि आपला गुडघा

१/ गेल्या हिवाळ्यात ओळीने गडवाऱ्या केल्या आणि गुडघ्याखाली दुखू लागले. पडणे नाही, मार नाही. पहिल्या एक्स-रेतही काही दिसले नाही. पुढे एमआरआयमध्ये नडगीच्या वरच्या टोकाला स्ट्रेस फ्रॅक्चर आढळले. सक्तीच्या विश्रांतीत या दुखण्याचाच इतिहास वाचून काढला. त्याचा हा थ्रेड.

२/ साल १८५५. प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी लांबवर कूच केलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन लिहून ठेवले. जखम कुठेच नव्हती. कंडरांच्या आवरणाला सूज आली असावी, असा त्यांचा तर्क होता. जिवंत माणसाचे हाड पाहण्याचे साधनच तेव्हा नव्हते.

३/ ते साधन १८९५ मध्ये आले. रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि अवघ्या दोन वर्षांत, १८९७ मध्ये, श्टेखो यांनी त्यांच्या आधारे दाखवून दिले की या सैनिकांच्या पावलांतील हाडे मोडलेली होती. ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव त्या कूचीचीच आठवण आहे.

४/ पण एकाही मोठ्या आघाताविना हाड मोडते कसे? याच शतकात हाच प्रश्न लोखंडाविषयी पडला होता. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला. पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. पुढे प्रशियाचेच अभियंते व्होलर यांनी प्रयोगांनी सिद्ध केले की एका झटक्यात सहज पेलणारा भारही लाखो वेळा पडत राहिला, तर धातू तुटतो.

५/ हाडाचेही तसेच, परंतु एक मोठा भेद आहे. लोखंड स्वतःला दुरुस्त करत नाही, हाड करते. ताण वाढला की शरीर आधी जुने हाड काढून टाकते आणि मग नवे भरते. काढण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरायला मात्र महिने लागतात. मधल्या काळात हाड दुबळे असते आणि नेमके तेव्हाच आपण उत्साहाने अंतर वाढवतो.

६/ नवशिके सैनिक इथेच सापडतात. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायली अभ्यासात २९५ तरुण भरतीपैकी ३१ टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर झाल्याचे आढळले. ही सारी धडधाकट मुले होती. उणीव त्यांच्या धैर्यात नव्हती. हाडाला भरून येण्यास मिळालेल्या वेळेत होती.

७/ उपचार त्यातूनच उमगतो. गुडघ्यावरचा भार कमी करायचा. साधारण ६ ते ८ आठवडे, काही वेळा अधिक. चालताना दुखेनासे झाले की हळूहळू भार वाढवायचा आणि दुखले की एक पायरी मागे यायचे. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही; तडा त्यात दिसायला अनेकदा काही आठवडे जावे लागतात.

८/ पहिले काही दिवस मला अंथरुणावर पडून राहण्याची लाज वाटे. ‘एवढ्याशा चालण्याने कुणाचे हाड मोडते का?’ हा प्रश्न इतरांआधी मीच स्वतःला विचारला होता. ब्राइटहाउप्ट यांच्या सैनिकांची हकिगत वाचली आणि ती लाज गेली. त्या सैनिकांचे दुखणेही खरे होते. त्याचा पुरावा यायला ४२ वर्षे लागली, इतकेच.

गड कुठेही जात नाहीत. गुडघा दुखत असेल, तर आज थांबा. थ्रेड समाप्त.