सीमाभागातील उजळणी

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात वाढणारे मराठी मूल अंक शिकते ते दोन भाषांच्या सावलीत. घरी आजी ‘एकवीस’ म्हणते. बाजारात भाजीवाला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतो. वरवर पाहता ही एकाच संख्येची दोन नावे होत. परंतु चार-पाच वर्षांच्या बालकाला संख्या कशी उमगते हा प्रश्न मनात ठेवून पाहिले, तर या दोन नावांत मोठे अंतर आहे.

या भागातील जुन्या पंतोजींच्या शाळेत गणित म्हणजे प्रामुख्याने पाठांतर. धुळपाटीवर आकडे गिरवावेत आणि तिन्हीसांजेस परवचा म्हणावा, असा क्रम असे. पाढ्यांमागून पावकी, निमकी, पाऊणकी येत. पुढे सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. या घोकंपट्टीची आज थट्टा होते, पण ती अन्यायाची आहे. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण ज्या व्यवहारात होता, तेथे निपाणीच्या तंबाखूच्या पेठेत बसणाऱ्या मुनिमाला औटकी येणे हे पोटापाण्याचे साधन होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आला, आणि या पाढ्यांचा व्यवहारातील आधार सुटला. दोष होता तो निराळाच. तोंड पुढे धावत होते आणि हात रिकामा राहत होता. शंभरापर्यंत खडखडीत म्हणणाऱ्या मुलाला ‘सात चिंचोके दे’ म्हटले, तर ते गोंधळू शके.

हा क्रम उलटा करण्याचे कार्य महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी केले. रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले होते. तेथे बालक एकापासून दहापर्यंत वाढत जाणाऱ्या लाल-निळ्या दांड्या हाताळून संख्येची लांबी अनुभवी. चात्यांच्या पेटीतील शून्याचा कप्पा रिकामाच राही, आणि ‘काही नाही’ म्हणजे काय हे त्याला शब्दांवाचून कळे. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासह ताराबाईंनी ही पद्धती आपलीशी केली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण ती साधने महाग! बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत ज्या मुंबई राज्यात होता, त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस १९४५ मध्ये त्यांनी ग्रामबालशिक्षा केंद्र उघडले, आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने ते वाढविले. तेथे दांड्यांची जागा काड्यांनी घेतली, मण्यांची खड्यांनी आणि बियांनी. पाड्यावरच्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे हा शब्द देशभर गेला. कर्नाटकातील गावांतही तो आज घरचा झाला आहे.

हात कामाला लागला, तरी प्रश्न उरतो तो शब्दाचा. मूल दहा काड्यांची जुडी बांधते. अशा दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या त्याच्यापुढे आहेत. मराठी त्यास सांगते, ‘पंचवीस’. म्हणजे आधी पाच, मग वीस. ऐकले तसे लिहू पाहणारे बालक ५२ लिहिते. ‘एकोणतीस’ची तर तऱ्हाच वेगळी. २९ या आकड्यात दोन आहे, नऊ आहे. उच्चारात मात्र दोन्हींचा पत्ता नाही, ऐकू येतात ते एक आणि तीस. तीनही रूपे पालटीत जातो : तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्र्याहत्तर. कानडीचे तसे नाही. ‘इप्पत्तु’ वीस, ‘ओंबत्तु’ नऊ, म्हणून ‘इप्पत्तोंबत्तु’ एकोणतीस. जुड्या आधी, सुट्या नंतर. काड्या मांडल्या तसाच शब्द. निपाणीत आईच्या शेजारी बसून विड्यांच्या जुड्या मोजणाऱ्या मुलाला ही रीत कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही.

म्हणूनच महाराष्ट्रात २०१९ साली उसळलेला वाद सीमाभागातून पाहिला तर काहीसा नवलाचा वाटतो. गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या समितीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन पारंपरिक नावांच्या जोडीने दिले, आणि भाषेवर घाला आला म्हणून गदारोळ झाला. ‘एकवीस’ हा शब्द कोणी पुसला नव्हता. शिवाय ज्या रीतीस परकी म्हटले गेले, ती बेळगावच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसाच्या तोंडी आहे. कर्नाटकातील मराठी शाळांची पाठ्यपुस्तके त्या राज्याची, त्यामुळे हा बदल त्यांच्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. भाषेचा प्रश्न जेथे जिव्हारी लागलेला आहे, तेथे कानडी मोजणीचे गुण सांगणे सोपे नाही, हेही खरे. परंतु अंगणवाडीतील सेविकेने ‘दोन दहा आणि पाच, म्हणजे पंचवीस’ एवढे म्हटले, तरी मराठीचे काही उणे होत नाही आणि मुलाची अडचण दूर होते.

नॉर्वेने हा पालट १९५१ मध्ये सरकारी निर्णयाने केला. तेथेही जर्मनप्रमाणे ‘दोन आणि पन्नास’ म्हणत. लांबत चाललेले दूरध्वनी क्रमांक सांगताना चुका होत, म्हणून शाळांतून ‘पन्नास दोन’ शिकविणे सुरू झाले. सत्तरांहून अधिक वर्षे लोटली, तरी जुनी रीत तेथील घरांतून अजून ऐकू येते.