अहिल्यानगर : हातमागाचे लुगडे

दख्खनच्या पठारावर, सीना नदीच्या काठी अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेले शहर (जुने नाव अहमदनगर). येणारा प्रवासी भुईकोट किल्ला आणि चांदबिबीचा महाल पाहून परततो; हे विणकरांचेही गाव होते, याची त्याला खबर नसते. एकोणिसाव्या शतकात शहरातला आणि शेजारच्या भिंगारमधला मोठा धंदा लुगडी विणण्याचा होता. विणकर मुख्यतः साळी आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचे आणि हाताने धोटा फेकायचा. त्याआधी गल्लीत लांबच लांब ताणा पसरून खळ लावायची, कुंच्याने पाजणी करायची. घरातल्या बायकापोरांचे हात लागल्याशिवाय हे काम उरकत नसे.

पैठणीसारखे नाव या लुगड्याला मिळाले नाही, याचा दोष कारागिरीकडे जात नाही. पैठणी रेशमाची, जरीची, पेटीत जपायची. २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. सुती लुगडे शेतात, चुलीपुढे नेसायचे आणि विरले की त्याची गोधडी शिवायची. पुढच्या पिढीला दाखवायला मागे काही उरत नसे. नाव होण्यात राजाश्रयाने काय फरक पडतो, हे माहेश्वरी साडीत दिसते. २०२४ मध्ये जिल्ह्याला ज्यांचे नाव दिले, त्या अहिल्याबाई होळकर इथल्याच चौंडीच्या. पण त्यांच्या आश्रयाने विणकाम बहरले ते नर्मदाकाठच्या महेश्वरात.

सोलापूरची चादरही रोजच्या वापरातलीच, मग तिचे नाव कसे झाले, असे कोणी विचारील. चादर अंथरण्या-पांघरण्याची गरज आजही आहे; नऊवारी लुगडे मात्र रोजच्या नेसण्यातूनच गेले. गिऱ्हाईकच उठून गेल्यावर माग कुणासाठी चालवायचा? जुनाट तंत्राने धंदा बुडाला, हे म्हणणेही अपुरे आहे. अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नगरमध्येच जास्त वेगाने चालणारा सुधारित हातमाग तयार केला होता. कापड भराभर निघाले, तरी गिरणीच्या आणि पुढे यंत्रमागाच्या स्वस्त मालापुढे हाताच्या मजुरीचा मेळ बसणे अवघडच होते. शहरातल्या पद्मशाली घरांतल्या अनेक बायका विड्या वळू लागल्या. तोफखाना भागात या समाजाची वस्ती आजही आहे. नगरच्या विणकामाचा माग काढायचा तर किल्ल्याइतकेच तिकडेही जायला हवे.