जातिवंत आणि गावठी

मराठीत ‘जातिवंत’ हे विशेषण घोड्याला, बैलाला आणि कुत्र्याला सारख्याच सहजतेने लागते. ‘गावठी’ची गत मात्र चमत्कारिक आहे. तूप किंवा कोंबडी गावठी असली की तिचा भाव चढतो. कुत्रा गावठी ठरला की उतरतो. या उतरत्या भावाचा इतिहास फार जुना नाही. लंडनमध्ये १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला आणि कुत्र्याच्या रक्ताची शुद्धता कागदावर सिद्ध करण्याची रीत तेथून वसाहतींत पसरली.

दख्खनच्या शिकारी कुत्र्याची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. लांब पायांच्या, निमुळत्या तोंडाच्या या कुत्र्याला महाराष्ट्रात कारवानी म्हणतात; कान-शेपटीवर लांब केस असले तर पश्मी. काफिल्यांबरोबर तो पश्चिम आशियातून आला असावा, असा तर्क आहे. वाटेत त्याच्यात कोणते रक्त मिसळले, याची चौकशी करण्याचे ससा धरू पाहणाऱ्या धन्याला कारण नव्हते. त्याला धाव हवी होती. बेरड शिकाऱ्यांजवळचे हे कुत्रे मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी पदरी बाळगले व त्यांतील एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास नजर केली, असे सांगितले जाते. कुत्रा तोच, धनी बदलला आणि तो ‘मुधोळ हाउंड’ झाला. पुढे केनेल क्लब ऑफ इंडियाने त्याची नोंद ‘कॅरवान हाउंड’ म्हणून केली, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबने ‘मुधोळ हाउंड’ म्हणून!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले आणि कुत्र्याची परीक्षा रानातून प्रदर्शनाच्या रिंगणात आली. धावेऐवजी मान, छाती आणि शेपटीचा बाक मोजला जाऊ लागला. २००५ साली या कुत्र्याचे टपाल तिकीट निघाले. २०२० साली राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याची देशी जात म्हणून नोंद केली. या मान्यतेने त्याला प्रतिष्ठा दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु रूपाच्या हट्टापायी बुलडॉगचे तोंड चपटे होत जाऊन त्याचा श्वास कोंडला, हेही नजरेआड करता येत नाही. कारवानीच्या बाबतीत ती वेळ आलेली नाही. सांगली-सोलापूरकडील वस्त्यांवर कसलाही कागद नसलेले कारवानी कुत्रे आजही राखणीला असतात, आणि नोंदवहीच्या लेखी ते कुणीच नव्हेत.