बेघरांना निवारा: पालिकांची जबाबदारी काय?

ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही, त्यांची देशव्यापी मोजणी जनगणनेच्या वेळी एकाच रात्रीत केली जाते. पदपथ, उड्डाणपुलाखालची जागा, रेल्वेचा फलाट, मंदिराचा मंडप अशा ठिकाणी उघड्यावर राहणाऱ्यांना जनगणना ‘बेघर’ मानते. झोपडपट्टीतील रहिवासी त्यांत येत नाहीत. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर आढळले. २००१ मध्ये ही संख्या १९ लाख ४३ हजार होती. एकूण आकडा घटला असला, तरी याच दशकात शहरांतील बेघर ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेले. साहजिकच हा प्रश्न मुख्यतः नगरपालिका व महापालिकांच्या दारात येऊन उभा राहिला.

कायद्याचा आधार

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत दुर्बल घटकांचे हितरक्षण आणि नागरी दारिद्र्यनिर्मूलन हे विषय आहेत. ते नागरी स्वराज्य संस्थांकडे किती सोपवायचे, हे मात्र राज्य सरकार ठरवते. मुंबईतील पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तथापि पदपथावरील वस्ती हटवण्यास न्यायालयाने मनाई केली नाही. पावसाळा सरेपर्यंत ती हटवू नये, एवढीच मुदत दिली.

निवारा पुरवण्याचे बंधन २०१० मध्ये स्पष्ट झाले. ऐन हिवाळ्यात दिल्लीतील एक तात्पुरता निवारा पाडला गेल्यावर अन्नहक्काच्या याचिकेत हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा असावा आणि तो वर्षभर, चोवीस तास चालावा, असे आदेश त्यानंतर निघाले.

योजनेचे स्वरूप

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघर निवाऱ्यांसाठी स्वतंत्र घटक ठेवण्यात आला. दर लाख नागरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय, माणशी पन्नास चौरस फूट जागा, पाणी, स्वच्छतागृह आणि स्वयंपाकाची व्यवस्था ही त्याची मानके. जागा निवडणे, इमारत उभारणे आणि चालक संस्था नेमणे ही कामे प्रामुख्याने स्थानिक संस्थेची. निवारा बेघरांच्या वावराच्या आणि कामाच्या जागेजवळ असावा, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. हमालाला पहाटे बाजारात पोहोचायचे असेल, तर गावाबाहेरच्या इमारतीतील खाट रिकामीच राहणार. स्त्रिया, कुटुंबे, वृद्ध व आजारी यांच्या गरजा वेगळ्या असल्याने त्यांच्यासाठी वेगळ्या निवाऱ्यांचीही तरतूद आहे.

निवाऱ्याचे दुसरे काम कागदपत्रांचे. पत्ता नसला की शिधापत्रिका, बँक खाते, निवृत्तिवेतन सारेच अडते. निवाऱ्यात येणाऱ्यांना या योजनांशी जोडून देणे हे चालकांचे काम मानले आहे. ज्याला घर नाही त्याच्या आधारपत्रावर पत्ता कोणता लिहायचा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये विचारला होता.

गोव्यापुढील प्रश्न

लाखाचे हे माप छोट्या राज्याला नीट लागू पडत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मुरगाव पालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ९४ हजार, मडगावची ८७ हजार आणि पणजीची अवघी ४० हजार. प्रारंभी अभियान एक लाखावरील शहरे व जिल्हा मुख्यालये यांपुरते होते. त्यामुळे बंदर आणि रेल्वेमुळे मजुरांची मोठी वर्दळ असलेले मुरगाव लोकसंख्येच्या निकषात थोडक्यात हुकले. २०१६ मध्ये सर्व वैधानिक शहरांना अभियान खुले झाले, तेव्हा ही अडचण दूर झाली. पण शंभर जणांचा निवारा छोट्या पालिकेला पेलणारा नसतो. शेजारच्या पालिकांनी मिळून एक निवारा चालवणे किंवा वापराविना पडलेल्या सरकारी वास्तूत वीस-पंचवीस जणांची सोय करणे, हे येथे अधिक व्यवहार्य.

हवामानही वेगळे आहे. उत्तर भारतात निवाऱ्यांची लगबग थंडीत असते. गोव्यात खरी कसोटी जून ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत लागते. दुकानाच्या पडवीत किंवा बसस्थानकावर रात्र काढणाऱ्यांची पाहणी मे महिन्यात झाली, तरच पावसाआधी जागा सिद्ध करता येईल.

याउलट १९७२ चा भिक्षाप्रतिबंधक कायदा गोव्यात पूर्वीपासून आहे. रस्त्यावरच्या माणसाला हटवण्याचा हा मार्ग निवाऱ्यापेक्षा सोपा असतो. पण हटवलेला माणूस काही दिवसांनी दुसऱ्या रस्त्यावर दिसतो आणि प्रश्न होता तिथेच राहतो. त्यामुळे पालिकेच्या कामाचे मोजमाप तीन गोष्टींनी करावे: तिने बेघरांची स्वतः रात्री फिरून गणना केली का, निवारा त्यांच्या कामाजवळ आहे का, आणि तेथून किती जणांना ओळखपत्र, उपचार वा भाड्याची खोली मिळाली. अर्थसंकल्पाच्या वेळी नागरिकांनी आपल्या नगरसेवकाला हेच तीन प्रश्न विचारावेत.