नदीने पुरले, नदीनेच उकरले

नेवासे म्हटले की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते. शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 साली, ती तेथे सिद्ध झाली. पण त्याच गावी प्रवरेच्या काठावर त्याहून कितीतरी जुना एक ग्रंथ उघडा पडलेला आहे. तो वाचण्यास अक्षरओळख लागत नाही. दरडीपुढे उभे राहून खालून वर पाहत जावे, इतकेच.

प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि सह्याद्रीचा काळा पाषाण झिजवीत पूर्वेकडे उतरते. डोंगरात उतार तीव्र, म्हणून तेथे ती कापते. सपाटीवर वेग मंदावला, की अंगावरचे ओझे टाकू लागते: आधी गोटे, मग वाळू, शेवटी गाळ. हजारो वर्षे असे थर चढत गेले. पुढे नदी आपले पात्र खोल करू लागली, तेव्हा स्वतःच रचलेले हे थर तिनेच उभे चिरले.

या चिरेत इतिहास सापडला. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी 1954 पासून नेवाशास उत्खनन केले. गोट्यांच्या घट्ट थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. हत्याराची धार बोथट झालेली असली, तर पाण्याने ते दुरून लोटत आणले. धार ताजी असली, तर त्याचा कर्ता जवळपासच वावरत होता. हत्याराचा प्रवासही असा नदीच सांगते.

काठावरच्या लाडमोड टेकाडात ताम्रपाषाणयुगीन वस्ती निघाली. तिच्यावर, मधल्या मोठ्या खंडानंतर, सातवाहनांच्या काळातील वस्ती. संगमनेरजवळचे जोर्वेही प्रवरेच्याच काठचे. तेथील रंगीत मडक्यांवरून एका संस्कृतीलाच ‘जोर्वे’ हे नाव मिळाले. राजांची नावे नसलेला हा इतिहास आहे. मडकी घडवणाऱ्यांचा, धान्य साठवणाऱ्यांचा आणि अंगणातच लेकरे पुरणाऱ्या आयाबापांचा.

श्रोतेहो, नदी आपला ग्रंथ सावकाश लिहिते आणि सावकाशच उलगडते. आपण मात्र घाईत आहोत. पात्रातील वाळू आणि काठची माती आपण गाड्या भरभरून उपसतो. नदीने कापलेल्या थरांचा क्रम राहतो, म्हणून ते वाचता येतात. फावड्याने कालवलेला थर कोणत्या काळाचा, हे कोणीही सांगू शकत नाही. घरे बांधावयाची तर वाळू हवीच, हे आम्हास मान्य आहे. परंतु खणण्यापूर्वी ती दरड एकदा जाणत्या डोळ्यांनी पाहिली जावी, एवढे तरी आपण आपल्या गावापुरते करू शकतो. फाडलेले पान नदी पुन्हा लिहून देत नाही.